नागपुरात आंतरधर्मीय लग्न करायचंय? आधी कायदा ठरवा, मग लॉन बुक करा

माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येते, कधी मैत्रिणीची बहीण, कधी ऑफिसमधला पोरगा, आणि विचारते की ताई तुमचं कसं जमलं, घरी कसं सांगितलं, चर्चमध्ये काय काय मागितलं, नोटीस लागते म्हणतात ती कुठे लागते. दरवेळी तेच तेच सांगून राहिली म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी इंदोऱ्याची, घर बौद्ध, माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते आणि आमच्या घरात ती तारीख वाढदिवसापेक्षा मोठी. नवरा कॅथलिक, सदर भागातला, सासरे रेल्वेतून रिटायर. म्हणजे दोन्ही घरं आपापल्या धर्माबद्दल एकदम पक्की. लग्न झालं, दोन्ही घरचे आले, दोन्हीकडचे जेवून गेले. पण त्याच्या आधीचे सहा महिने आम्ही बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमानं केल्या आणि त्यात वेळ, पैसा, झोप सगळं गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे.

सगळे जण सुरुवात लॉनपासून करतात. आम्हीही तेच केलं, वर्धा रोडवरचं एक लॉन पाहिलं, तारीख आवडली, अॅडव्हान्स दिला, आणि मग कळलं की त्या तारखेपर्यंत आमचं कायद्यानं लग्नच होऊ शकत नव्हतं. म्हणून पहिलं काम हे, दोघांनी बसून ठरवायचं की आपलं लग्न कोणत्या कायद्याखाली होणार. हे आईबाबांनी ठरवायचं नाही, पंडितजींनी नाही, फादरनी नाही, तुम्ही दोघांनी.

दोन वेगळ्या धर्माच्या माणसांनी आपापला धर्म न सोडता लग्न करायचं तर त्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, स्पेशल मॅरेज अॅक्ट. यात कोणालाच धर्म बदलावा लागत नाही, नाव बदलावं लागत नाही, आणि लग्न लावणारा भटजी, काझी, पाद्री कोणी नसून सरकारचा विवाह अधिकारी असतो. अटी थोड्याच आहेत: मुलगा 21 चा पूर्ण, मुलगी 18 ची पूर्ण, दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आणि लग्नात नसावा, संमती द्यायला दोघंही मानसिकदृष्ट्या सक्षम असावेत, आणि नातं कायद्यानं मनाई केलेल्या जवळच्या नात्यात बसत नसावं. बस. आईबाबांची सही कुठेच लागत नाही.

आता नागपूरचं एक वेगळं आहे, आपल्याकडे सगळ्यात जास्त जोड्या हिंदू आणि बौद्ध अशा असतात, आणि त्यांना कोणी सांगतच नाही की 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. म्हणजे मुलगी कुणबी आणि मुलगा बौद्ध असेल तर त्या कायद्याखालीही लग्न होऊ शकते, स्पेशल मॅरेज अॅक्टमधली तीस दिवसांची नोटीस लागत नाही. पण त्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दोघांपैकी एकाच्या रीतीप्रमाणे विधी खरोखर व्हायला पाहिजे. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की विधी न करता नुसतं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट काढलं तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न धरलं जात नाही. त्यामुळे विधी करा, फोटो-व्हिडिओ ठेवा, मग महानगरपालिकेत नोंदणी करा. विधीच नको असेल तर सरळ स्पेशल मॅरेज अॅक्टकडे जा.

मुस्लिम आणि हिंदू, किंवा मुस्लिम आणि बौद्ध असं असेल तर मी दरवेळी स्पेशल मॅरेज अॅक्टच सांगते. काहून, तर दोघांपैकी एकानं धर्म न बदलता नुसता निकाह केला तर तो मुस्लिम कायद्यात नियमित लग्न ठरत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं मुस्लिम पुरुष आणि हिंदू बाईच्या अशा लग्नाला अनियमित म्हटलं, मुलं मात्र कायदेशीर. उद्या नवरा अचानक गेला, घर त्याच्या नावावर आहे, आणि सासरचे म्हणाले की हे लग्नच नीट नव्हतं, तर त्या बाईनं कुठे जायचं? आणि फक्त लग्नासाठी म्हणून घाईत धर्म बदलू नका. खरोखर श्रद्धेनं कोणाला बदलायचं असेल तर तो त्या माणसाचा हक्क आहे, पण तो निर्णय लग्नाच्या धावपळीच्या बाहेर, वकिलाशी बोलून, निवांत घ्यायचा.

माझ्याच बाबतीत सांगते. सासरच्या एका आत्यानं अगदी प्रेमानं म्हटलं की बेटा बाप्तिस्मा घेतला तर सगळं सोपं होऊन जाईल. चर्चच्या बाजूनं सोपं झालंही असतं. पण अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि 1990 पासून बौद्ध यांनाच आहे, ख्रिश्चन झाल्यावर तो राहत नाही. माझी नोकरी, माझं जात वैधता प्रमाणपत्र, माझ्या बाबांनी त्यासाठी मारलेल्या चकरा, हे सगळं त्या एका वाक्यात बसलेलं होतं आणि आत्यांना त्याची कल्पनाही नव्हती. मी त्यांना बसवून समजावलं. नुसत्या लग्नानं, म्हणजे दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न केल्यानं, माझी जात किंवा धर्म बदलत नाही. आपल्याकडच्या मुलींनी हे बोलायला लाजू नये.

बरं, आता तारखा. स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये नोटीस द्यावी लागते, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जिथे दोघांपैकी किमान एक जण नोटीस द्यायच्या आधी सलग तीस दिवस राहत आहे. दोघंही पुण्यात नोकरीला आणि लग्न नागपुरात, असं असेल तर आधी हा पत्त्याचा मुद्दा सोडवा. नोटीस कार्यालयाच्या बोर्डावर लागते, मग तीस दिवस थांबायचं, आणि त्यानंतर लग्न. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती नोटीस मरते, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तुमच्या हातात खरे दोनच महिने असतात, तीस दिवस संपल्यापासून तीन महिने भरेपर्यंत. उदाहरण धरा, तुम्हाला 20 डिसेंबरला लग्न करायचं आहे. 1 सप्टेंबरला उत्साहानं नोटीस दिली तर ती डिसेंबर लागताच संपली. 25 नोव्हेंबरला दिली तर तीस दिवसच भरत नाहीत. 10 ऑक्टोबरच्या आसपास दिली तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळे झाले आणि 10 जानेवारीपर्यंत जागा आहे, कोणी आजारी पडलं, कागद अडकला, तरी चालते. कॅलेंडरवर लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजा आणि मधोमध नोटीस टाका.

त्यात सरकारी सुट्ट्या धरा, दिवाळी धरा, आणि राज्य सरकारच्या ऑफिसांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे हे विसरू नका. पाहुण्यांना रविवार पाहिजे आणि अधिकारी रविवारी बसत नाही, मग जमवायचं कसं? कायद्यात विवाह अधिकाऱ्याला जास्तीची फी भरून जवळपासच्या दुसऱ्या जागी बोलवायची सोय आहे, पण ते त्यांच्या वेळेवर आहे, नोटीस देतानाच विचारून घ्या. नाहीतर आमच्यासारखं करा, नोंदणी गुरुवारी सकाळी घरच्या बारा माणसांसोबत, बाकी कार्यक्रम रविवारी. मला विचाराल तर तो गुरुवारच माझ्या सगळ्यात जास्त लक्षात आहे, टेबलासमोर उभं राहून मराठीत एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं म्हणायचं असते, आणि ते म्हणताना माझे बाबा रडले, जे रविवारी अजिबात रडले नाही.

कागदांमध्ये वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रासकट. आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. आणि नावाची स्पेलिंग, बाप्पा, ही इतकी क्षुल्लक वाटते आणि इतकी रडवते. नवऱ्याच्या दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरं. नोटीस द्यायच्या महिनाभर आधी सगळे कागद एका टेबलावर पसरवून एकेक अक्षर जुळवा. साक्षीदार दोन्ही घरचे मिळून घ्या, आमच्याकडे माझा मामा, नवऱ्याची बहीण आणि आम्हा दोघांचा एक कॉलेजमित्र होता. मामाचं नाव त्या कागदावर कायमचं आहे म्हणून नंतर मामा कुठल्याच भांडणात दुसऱ्या बाजूला गेला नाही.

नोटिशीबद्दल सगळ्यात जास्त भीती असते आणि ती खोटी नाही. नाव, वय, पत्ता बोर्डावर जाते, आणि एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणजे समजा चंद्रपूरचा असेल, तर त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथेही लागते. कोणीही वाचू शकते. म्हणून माझा एकच आग्रह आहे, घरून जिवाला धोका नसेल तर नोटीस लागायच्या आधी घरी सांगा. शेजारच्या काकांनी फोन करून सांगितलं की तुमच्या पोरीचं नाव बोर्डावर पाहिलं, तर त्या आईबापाला दुःख तुमच्या लग्नाचं कमी आणि दुसऱ्याकडून कळल्याचं जास्त होते, आणि ते दुःख वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हेच झालं, तिची आई अजून तेवढंच बोलते, की मला का नाही सांगितलं.

आक्षेप कोणीही घेऊ शकते पण आक्षेप फक्त त्या वरच्या अटींवरच चालतो, वय, आधीचं लग्न, नातं, मानसिक क्षमता. आमचा धर्म वेगळा आहे, आम्हाला मंजूर नाही, समाजात नाक कापलं जाईल, हे आक्षेप कायद्यात नाहीत. आक्षेप आला तर अधिकाऱ्यानं तीस दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा असतो, आणि त्यानं नाही म्हटलं तर जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते.

आणि जिथे खरंच धोका आहे, मारायची धमकी आहे, पोरीला कोंडून ठेवलं आहे, तिथे वरचा सल्ला लागू नाही, तिथे आधी सुरक्षित जागी जा. सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये लता सिंग प्रकरणात सांगितलं की सज्ञान माणसं आपल्या मर्जीनं दुसऱ्या जातीत, धर्मात लग्न करत असतील तर पोलिसांनी त्यांना त्रास होऊ देऊ नये, आणि 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात व्यवस्था करायला सांगितलं. पोलिस आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, इमर्जन्सी असेल तर 112. आपल्या शहरातच हायकोर्टाचं खंडपीठ आहे, सिव्हिल लाइन्समध्ये, संरक्षणासाठी तिथे याचिका करता येते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यांची हेल्पलाइन 15100. हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, लागला नाही तर चांगलंच आहे.

घरी सांगायचं कसं, यावर प्रत्येकाचं घर वेगळं. मला जे कामाला आलं ते सांगते. दोघांनी मिळून दोन्ही घरी एकदम जाऊ नका. आधी मी माझ्या घरी एकटी बोलली, तो त्याच्या घरी एकटा, ओरडा, रडारड जी काय व्हायची ती आपल्या माणसासमोर होऊ द्या. मग घरातला एक माणूस शोधा ज्याचं बाकीचे ऐकतात, आमच्याकडे मोठे बाबा होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की पोट्टे झाले तर त्यांचा धर्म कोणता? आणि मी गप्प, कारण आम्ही दोघं तीन वर्षं सोबत फिरलो, फुटाळा तलावावर बसून शंभर गोष्टी बोललो आणि हे बोललोच नव्हतो. तुम्ही बोलून घ्या. मुलांचं नाव, शाळेच्या फॉर्मवरचा धर्माचा रकाना, घरात कोणते सण, देव्हारा किंवा बुद्धाची मूर्ती किंवा क्रॉस कुठे राहील, मेल्यावर पुरायचं की जाळायचं, हो हेही, आणि आपापल्या घरच्यांना पैसे किती द्यायचे. यातल्या काहींची उत्तरं आज नसतील, तरी प्रश्न दोघांनाही माहीत पाहिजे.

आता विधींकडे येते, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकांना वाटते की दोन्ही धर्मांचं थोडं थोडं एकत्र केलं की दोन्ही घरं खुश. अर्धे फेरे, मग अंगठ्या, मग कुराणातली एक आयत, मग वंदना. असं एक लग्न मी पाहिलं, दोन्हीकडचे म्हातारे म्हणून राहिले की हे काय आमचं नाही. आजीला ती ओळखते ते लग्न दिसायला पाहिजे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. म्हणून विधी थोडे करा, पण एकेक पूर्ण करा, वेगळ्या वेळी, शक्य असेल तर वेगळ्या जागी.

आमच्याकडचा बौद्ध विवाह तसा छोटा असतो, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, जयमंगल अष्टगाथा. भंते किंवा बोधाचार्य लावून देतात. तासाभराच्या आत होते. हिंदू घरात लग्न होणार असेल तर त्या घरच्यांनी एक समजून घ्यायला पाहिजे, बावीस प्रतिज्ञा मानणारं बौद्ध घर गौरी-गणपतीला देव मानत नाही आणि ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेत नाही. तो हट्ट नाही, ती 1956 पासूनची शपथ आहे. त्यामुळे पत्रिकेवर वर श्री गणेश छापून पाठवली आणि मुलाचे बाबा गप्प झाले तर काहून गप्प झाले ते विचारा. हिंदूंच्या बाजूनं म्हणाल तर देवक, हळद, टेकडीच्या गणपतीला पहिली पत्रिका ठेवणं, हे आपल्या घरी आपापलं करता येते, दुसऱ्याला पाटावर बसवायची गरज नाही.

कॅथलिक बाजूला वेळ धरा, भरपूर. जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर बिशपांची परवानगी, म्हणजे डिस्पेन्सेशन, लागते, ती पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरमार्फत मागायची. नवीन काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाआधीचा तयारीचा कोर्स दोघांनी, चर्चमध्ये नावांची घोषणा. कॅथलिक जोडीदाराला लिहून द्यावं लागते की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा माझ्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन. दुसऱ्याला ते फक्त सांगितलं जाते, त्याची सही वचन म्हणून घेत नाहीत. हे वाक्य पहिल्यांदा फादरच्या टेबलावर ऐकू नका, मोठ्या बाबांचा प्रश्न इथे परत येतो. आमच्या फादरनी खूप नीट समजावलं, पण मला ते आधीच माहीत होतं म्हणून मी शांत बसू शकली. मिश्र लग्नात सहसा पूर्ण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, न ठेवता वाचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद असा छोटा विधी करतात, बिगर-ख्रिश्चन पाहुण्यांना तोच बरा पडतो. आणि तुम्ही स्पेशल मॅरेज अॅक्टनं लग्न करून राहिले हे फादरना पहिल्याच भेटीत सांगा, कागदांवर त्याचा फरक पडतो. शीख घरात आनंद कारज, म्हणजे त्यांचा लग्नविधी, मागणार असाल तर त्यांच्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, तो दोघंही शीख असतील तरच आहे, गुरुद्वाऱ्यात आधी विचारा, कार्ड छापल्यावर नाही.

तारीख काढताना दोन्ही घरची कॅलेंडरं समोर ठेवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, मागच्या वर्षीचा अंदाज चालत नाही. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत कॅथलिक घरात लग्न टाळतात. हिंदूंचा चातुर्मास, पितृपक्ष. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, त्या दिवसांत शहरात खोली मिळत नाही आणि बौद्ध घरातलं कोणी तुमच्या हळदीला येणारही नाही. डिसेंबर हवेला सगळ्यात छान, पण तेव्हाच विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असते, चांगली हॉटेलं आमदार आणि अधिकाऱ्यांनी भरलेली, सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडे मोर्चे आणि बॅरिकेड. मे महिना तर नकोच, पारा 45 च्या वर, नवतप्यात कोणाच्या आजोबांना लॉनवर बसवू नका. आम्ही जानेवारीचा शेवट घेतला आणि तेच सगळ्यांना सांगते.

लॉनवाल्याला दोन्ही नावं पहिल्यांदाच सांगा. एका ठिकाणी फोनवर तारीख मोकळी होती, आम्ही जाऊन नावं लिहिली तर अचानक बुकिंग झालेलं निघालं. वाईट वाटलं, पण अॅडव्हान्स द्यायच्या आधी कळलं. पत्रिका एकच, साधी, वरच्या कोपऱ्यात काहीही न छापलेली, तारीख, जागा, दोघांची नावं, दोन्ही आईवडिलांची नावं. ज्यांना घरची वेगळी पत्रिका पाहिजे त्यांनी पन्नास-शंभर वेगळ्या छापून घ्याव्या, त्यावर नमो बुद्धाय लिहा की बायबलचं वचन, त्यात दुसऱ्या घरानं नाक घालू नये.

जेवणावर मी लय डोकं लावलं आणि ते कामी आलं. पाहुण्यांमध्ये मुस्लिम असतील तर मटण-चिकन हलालच आणा, हलाल बाकी सगळे सहसा खातात, शिखांना मात्र विचारून घ्या. डुकराचं आणि गाईचं कुठेच नको, ही अट लेखी द्या. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या बाजूला, आणि शाकाहारी आजीला स्वतः नेऊन दाखवा की इथे वेगळं शिजून राहिलं. आमचा सावजी रस्सा आणि त्यांच्याकडच्या आंटींचं पोर्क, यावरून आठवडाभर चाललं, शेवटी पोर्क त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी झालं आणि लॉनवर पाटोडी रस्सा, वडाभात, सांबारवडी, आणि एका कोपऱ्यात सावजी चिकन लावलं. केरळहून आलेल्या काकांनी पाटोडी तीनदा घेतली. दारूचं आधीच ठरवा. सासरी लग्नात वाइननं टोस्ट करतात, आमच्या पंचशीलातलं पाचवं शीलच मद्यापासून दूर राहायचं. टोस्ट झाला, संत्र्याच्या रसानं, नागपुरात तेवढं तर शोभतेच.

कपड्यांचं मला सगळ्यात कठीण जाईल वाटलं होतं आणि ते सगळ्यात सोपं निघालं. सासूबाई संकोचानं विचारायला आल्या की चर्चमध्ये पांढरं घालशील का, तुमच्याकडे पांढरं अशुभ मानतात ना. मी म्हटलं मम्मी, आमच्याकडे नवरी पांढरीच साडी नेसते. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. सकाळी विहारात जी साडी नेसली तीच दुपारी चर्चमध्ये, वरून फक्त त्यांच्या आईची जाळीची ओढणी.

लग्नानंतरचं काम पाहुणे गेल्यावर लगेच करा. स्पेशल मॅरेज अॅक्टचं सर्टिफिकेट हाच लग्नाचा पुरावा, वेगळी नोंदणी लागत नाही. या कायद्यानं लग्न झालं की वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो, दोघंही हिंदू-बौद्ध-जैन-शीख असतील तर मात्र हिंदू वारसा कायदाच राहतो. आणि हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख जोडीदार एकत्र हिंदू कुटुंबात असेल आणि त्यानं या धर्मांच्या बाहेर लग्न केलं तर तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झालेला धरतात, हक्काचा वाटा जात नाही, पण शेती-वाडा सामाईक असेल तर वकिलाला भेटून घ्या. दोघांनी मृत्युपत्र करा, लग्नानंतर करा, आधी केलेलं असेल तर पुन्हा करा. बँक, पीएफ, विमा, सगळीकडे नॉमिनी बदला. आडनाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही, मी बदललं नाही आणि पासपोर्ट, बँक, कुठेच अडलं नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी दोघांची नावं, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख तिथेच वाचून घ्या, चूक असेल तर त्याच दिवशी सांगा. चार-पाच प्रमाणित प्रती काढा. एक तुमच्याकडे, एक तुमच्या आईकडे, एक सासरी. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका.